करवंदीचा काटा

आमच्या ऑफिसातले भाऊसाहेब लोखंडाला शिवत नसत. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी मला हे कळलं. टाइप केलेली दोन पानं टाचणीनं जोडून मी त्यांच्या टेबलावर ठेवली, तर त्यांनी ती पेन्सिलीच्या टोकानं माझ्याकडे परत सरकवली. "बाय, एवढी टाचणी काढ गो. मला चालत नाय." मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पहिला दिवस, आणि सकाळी अकराच्या आत चूक! टाचणी काढताना मी ती बोटात घुसवून घेतली. त्यांनी खणातून एक लाकडी डबी काढली. डबीत करवंदीचे काटे होते, वाळवलेले आणि एका मापाचे निवडलेले. त्यातला एक त्यांनी दोन्ही पानांतून आरपार घातला आणि कागद पुढच्या ढिगावर ठेवून दिला.

"ह्यांना काही झालंय का?" असं मी दुपारी आमच्या ट्रेसरला विचारलं. ट्रेसर म्हणजे नकाशे गिरवणारा. हा राजापूरकडचा होता आणि सगळ्या गोष्टी हसत सांगायचा.

"झालंय ना," तो म्हणाला. "पुस्तक झालंय."

त्या पुस्तकाची हकिगत अशी. भाऊसाहेबांचा भाचा बोटीवर कामाला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून त्यानं एक इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा आणला. पुस्तक एका खेळाचं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुठं अडलं की फासा टाकायचा. पण बोटीवर खारं पाणी लागून पुस्तकाची सुरुवातीची पानं पापडांसारखी एकमेकांना चिकटली होती आणि शेवटही गेला होता. वाचता येईल असं मधलं एकच प्रकरण उरलं होतं. ते होतं झाडांची राखण करणाऱ्या एका पंथाचं. ह्या पंथाची माणसं राईत राहतात, धातू अंगावर घालत नाहीत, कुणाची बाजू घेत नाहीत. त्यांच्यात पायऱ्या असतात आणि वरच्या जागा मोजक्या. वर चढायचं तर त्या जागेवर बसलेल्याला आव्हान देऊन हरवावं लागतं, आणि हरलेला एक पायरी खाली जातो. भाऊसाहेबांनी डिक्शनरी घेऊन हे प्रकरण वर्षभर वाचलं आणि हाच सगळा खेळ आहे असं धरून चालले.

पुष्कळ वर्षांनी पुण्यात माझ्या मुलाच्या खोलीवर मी त्या खेळाची पूर्ण पुस्तकं पाहिली. त्यात लढवय्ये होते, जादूगार होते, राक्षस होते, चक्क चोरसुद्धा होते. आमच्या खेळात ह्यातलं कुणीच नव्हतं. आम्ही सगळे राखणदार. राखायचं कुणापासून, ते पुस्तकाच्या भिजलेल्या भागात होतं.

डिक्शनरीतला त्या पंथाच्या नावाचा अर्थ भाऊसाहेबांना पटला नव्हता. "प्राचीन पुरोहित म्हणे! पुरोहित राईत कशाला मरायला जाईल?" त्यांनी त्याचं भाषांतर केलं 'मानकरी'. आमच्याकडे गावोगावच्या देवरायांचे मानकरी असतातच. पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, ह्यावरून वर्षानुवर्षं अबोले चालतात. त्यामुळे मोजक्या जागा आणि त्यावरची चुरस हे त्यांना लगेच कळलं. तळाला साधे राईकर, त्यावर नऊ मानकरी, त्यावर तीन वडील मानकरी आणि सगळ्यांच्या वर एकच थोरला मानकरी. तो मान अर्थात त्यांच्याकडे होता. आव्हानातली मारामारी त्यांनी काढून टाकली होती. "आपण ऑफिसात आहोत," एवढंच कारण. त्याऐवजी दोघांनी समोरासमोर उभं राहून आळीपाळीनं राईतलं एकेक झाड सांगायचं, नाव आणि जागा. एकदा सांगितलेलं पुन्हा नाही. ज्याची झाडं आधी संपतील तो हरला. ह्यात त्यांना कोण हरवणार? त्यांच्याकडे टेबलच झाडांचं होतं.

आमचं ऑफिस रस्त्यांचं. रस्ता रुंद करायचा तर मधे येणारी झाडं मोजायची, बुंध्यावर पांढऱ्या रंगानं आकडे टाकायचे, यादी करायची, तोडायची तारीख गावाला कळवायची, हे काम भाऊसाहेब अठ्ठावीस वर्षं करत होते. जिल्ह्यातल्या कुठल्या वळणावर कुठलं झाड होतं, ते त्यांना तोंडपाठ असे. 'होतं' म्हणते, कारण त्यांच्या यादीत आलेलं झाड पुढं राहत नसे. असा माणूस दुपारच्या सुट्टीत राईचा थोरला मानकरी का होतो, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मला कळत होतं, पण विचारायची माझी छाती नव्हती.

छाती नव्हती, कारण मी एकोणतीस दिवसांची होते. त्या वेळी अशाच नेमणुका देत. एकोणतीस दिवस काम, एक दिवस घरी, मग पुन्हा नवी ऑर्डर. तो तिसावा दिवस मी कसा काढायची ते माझं मला ठाऊक. थोरला भाऊ गिरणी बंद पडल्यापासून मुंबईहून येऊन घरी बसला होता, आणि चुलीवर काय शिजणार हे माझ्या ऑर्डरवर होतं. कायम करण्याचा माझा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर पडून होता. साहेब टेबल आवरायला लागले तरी मी उठून दारातून डोकावायची. मला काळजीची सवय लागली ती तिथं, आणि ती अजून गेलेली नाही. आजही गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी हातखंब्याच्या फाट्यावरून परत फिरलेली आहे.

तर दीड ते दोन आम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसायचो. भाऊसाहेब, ट्रेसर आणि मी. ट्रेसरनं राईचा नकाशा ट्रेसिंग कापडावर काढला होता, सरकारी खुणांसकट. फाशाला आम्ही फणस म्हणायचो. भाऊसाहेब जेवायचे पानावर आणि पाणी प्यायचे करवंटीतून, कारण स्टीलचा डबा नियमात बसत नव्हता. घड्याळ नाही, पट्ट्याच्या जागी नाडी, सदऱ्याला लाकडाची बटणं. पावसाळ्यात छत्रीच्या काड्या लोखंडी म्हणून ते शेतावरचं इरलं डोक्यावर घेऊन, बाजारपेठेतून, फाईल काखेत मारून यायचे. ट्रेसर म्हणायचा, "भाऊसाहेब, एस.टी. काय लाकडाची असते?" त्यावर ते शांतपणे सांगायचे, "एस.टी. मी अंगावर घालत नाय. मी तिच्यात बसतो." त्यांना वेड लागलं नव्हतं. खेळ तो खेळ, हे ते आम्हाला स्वच्छ सांगत. पण खेळायचं तर नियम दीड ते दोनच का पाळायचे, असा त्यांचा सवाल होता.

बाजू न घेण्याचा नियम तर त्यांनी ऑफिसला वैताग येईल इतका पाळला. युनियनच्या दोन गटांचे अर्ज निघाले, ह्यांनी दोन्हींवर सही केली. दोन्ही गट चिडले, तेव्हा म्हणाले, "समतोल." बस्स. कॅन्टीनमध्ये दोघं भांडत असले आणि कुणी त्यांना साक्षीला बोलावलं, की ते करवंटी उचलून चालू लागायचे.

खेळात ते आवाज खाली आणून सांगायचे, "बाय, तू राईच्या तोंडाशी उभी आहेस. आत अंधार आहे. डाव्या हाताला सातवीणीचं झाड. पलीकडं काहीतरी हललं. काय करतेस?"

मी म्हणायची, "मी थांबते. आणि ऐकते."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ट्रेसर एव्हाना मानकरी होऊन गोष्टीतल्या एका वडील मानकऱ्याला आव्हान देण्याच्या बेतात होता आणि मी पहिल्या पायरीवर. "अगो, नऊ दुपारी झाल्या," भाऊसाहेब म्हणाले. "सातवीण तेवढ्यात दोन बोटं वाढली असेल." तरी मला आत पाऊल टाकवत नसे. खोट्या राईतसुद्धा चूक झाली तर काय, ही धास्ती.

खेळाची नियमावली मीच टाइप करायची. भाऊसाहेबांना मराठी एकाच तऱ्हेनं लिहिता यायचं, सरकारी पत्रासारखं. त्यामुळे आमचे सगळे नियम "कळविण्यात येते की" आणि "नोंद घ्यावी" अशा थाटाचे. प्रत्येक पानाखाली सहीची जागा सोडून कंसात 'थोरला मानकरी'. हे मला फार गमतीचं वाटायचं. पुढं जे झालं ते ह्या गमतीमुळंच झालं.

आतल्या एका गावचा रस्ता मंजूर झाला होता. रस्ता गावच्या देवराईला घासून जाणार होता आणि एकेचाळीस झाडं तोडायची होती. भाऊसाहेबांनी गावाला पत्र तयार केलं. मी दोन पानं टाइप केली. पहिलं पान संपत होतं "सबब राईबाबत खालीलप्रमाणे कार्यवाही करण्यात यावी" असं, आणि दुसऱ्यावर झाडांची यादी, तोडायची तारीख, साहेबांच्या सहीची जागा. त्याच दिवशी नियमावलीचं एक पानही टाइप केलं. दोन्ही भाऊसाहेबांच्या ट्रेमध्ये, पत्राला काटा लावून. करवंदीचा काटा आखूड असतो. कुणीतरी पंखा वाढवला आणि ट्रेमधले कागद सुटून जमिनीवर आले. भाऊसाहेब जागेवर नव्हते. शिपाई डाक घेऊन सहीला जायला दारात उभा, "बाई, चला लवकर" म्हणत. मी कागद गोळा केले, काटा शोधला, दोन पानं जोडली आणि दिली. वाचली नाहीत. साहेब सही शेवटच्या पानावर करत, तीही फोनवर बोलता बोलता. पत्र गेलं.

चार दिवसांनी दुपारी ट्रेसरनं आव्हानाच्या नियमावर हुज्जत घातली. "काढा कागद," तो म्हणाला. भाऊसाहेबांनी नियमावलीचं पान काढून वाचायला घेतलं. "एक, आंबा रायवळ, घेर सहा फूट. दोन, किंजळ, घेर चार फूट..."

ट्रेसर हसायला लागला. "हा नियम नवा काढलाव काय?"

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं. खाली साहेबांचा हुद्दा होता आणि सहीची जागा कोरी होती. यादी इथं आहे, तर गावाला काय गेलं? मला ते पान पाठ होतं. राईच्या हद्दीत लोखंडी हत्यार नेण्यास सक्त मनाई आहे. ज्यास राईबाबत काही म्हणणे असेल त्याने थोरल्या मानकऱ्यास समक्ष आव्हान द्यावे. जिंकणाऱ्याचा शब्द राईत चालेल, याची नोंद घ्यावी. आणि खाली, 'थोरला मानकरी' ह्या अक्षरांच्या वर, साहेबांची सही.

"साहेबांना सांगू या," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण ते हो म्हणतील ह्याच भीतीनं म्हटलं.

"सांगून?" भाऊसाहेब म्हणाले. "दुरुस्तीचं पत्र काढायचं तर सही साहेबांचीच लागणार, आणि मग ते पहिलं पत्र मागणार. थांबू या. गावं पत्राला उत्तर देत नायत. मी अठ्ठावीस वर्षं बघतोय."

मग थांबणं आलं. त्यात माझा हातखंडा होता, पण ते अकरा दिवस मला जेवण गेलं नाही. बाहेर एस.टी. थांबली की वाटायचं, आले. पोस्टमन दिसला की वाटायचं, आलं. टाइप करताना अक्षरं चुकायची आणि चुकली की वाटायचं, आता ह्या चुकीवरून आधीची निघणार. आईला सांगितलं नाही. ती रोज विचारायची, ऑर्डर झाली का गो, आणि मी म्हणायची, होईल.

अकराव्या दिवशी कंत्राटदाराची माणसं करवती-कुऱ्हाडी घेऊन गावात गेली आणि तशीच परत आली. गावानं त्यांना हद्दीवर अडवलं होतं. लोखंड बाहेर ठेवा, मग आत या, सरकारी कागद आहे, असं सांगून. हा निरोप साहेबांपर्यंत पोचायच्या आत, बाराव्या दिवशी दुपारी सव्वाला, गाव आमच्या व्हरांड्यात येऊन बसलं. दोन उतारवयाचे गडी आणि पुढं एक म्हातारी, नऊवारी कासोट्याची, कपाळ कोरं, हातात ते पत्र. साहेब साईटवर गेले होते आणि तीनला यायचे होते.

मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, म्हणतील हा काय चावटपणा लिहिलाय. पण तसं नव्हतं. त्यांना पत्रातलं सगळं पटलं होतं. लोखंड नको, बरोबर. मानकऱ्याला विचारा, बरोबर. त्यांचा राग निराळाच होता.

"आमच्या राईचा थोरला मान आमच्या घराचा," म्हातारी म्हणाली. "घरधनी गेल्यापासनं मी संभाळतंय. गावात बापयमानूस ऱ्हवलाय कोन? समदे मुंबैला. आनि ह्यो तुमचा सायब थोरला मानकरी झाला कधी? कुनाला इचारून?"

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, मी भाऊसाहेबांकडे. त्यांनी करवंटी खाली ठेवली, लेंगा झटकला आणि बाहेर गेले.

"आजी, थोरला मानकरी मी," ते म्हणाले.

"सही तुमची?"

"सही साहेबांची. मान माझा. तुम्हाला आव्हान द्यायचंय ना? द्या."

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाकडी बटणांवर तिची नजर थांबली, ती तिला पसंत पडलेली दिसली. मग दोघं व्हरांड्यात समोरासमोर उभी राहिली. सगळं ऑफिस डबे तसेच सोडून दारांत जमा झालं. मला वाटत होतं, हे आत्ता थांबावं आणि तीन कधी वाजूच नयेत.

भाऊसाहेबांनी सुरुवात केली. "रायवळ आंबा. पाणंदीच्या तोंडाशी."

"सुरंगी. देवळामागं," म्हातारी म्हणाली.

"किंजळ. आंब्याच्या उजवीकडं."

"हेळा. तळीच्या काठाला."

असं चाललं. भाऊसाहेब यादीच्या क्रमानं जात होते, एकही चूक नाही. म्हातारी डोळे मिटून, पदराचं टोक धरून, जणू राईतून चालत सांगत होती. विसाव्या झाडाच्या सुमाराला भाऊसाहेबांचा आवाज बदलला. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी साहेबांच्या जीपकडे कान लावून होते. म्हातारीनं यादीतलं एकही झाड घेतलं नव्हतं. एकेचाळिसावं सांगून भाऊसाहेब थांबले.

"माझी संपली, आजी."

"माजी हायत अजून," ती म्हणाली.

"तो पाणंदीवरचा आंबा तुम्ही घेतलात नाय. पहिलाच होता तो. तुमच्या राईतलं सगळ्यात मोठं झाड."

"त्याच्यावर तुमी आकडा घातलाव ना? मंग त्ये मी कसं मोजू? आमच्याकडनं त्ये गेलंच की."

भाऊसाहेब व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. अठ्ठावीस वर्षं पाठ केलेली सगळी झाडं त्यांच्याकडे अशी आकड्याचीच होती. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, पण घड्याळाकडे बघायचं मी सोडलं नाही. पावणेतीन झाले होते.

"नियमानं तुमचा शब्द राईत चालणार," ते म्हणाले. "सांगा. रस्ता नको?"

"नको कसा? यष्टी नको आमाला? सुनंला बाळंतपनाला डोलीतनं न्यावी लागली. रस्ता पायजेच. पन वरनं नको, खालच्या अंगानं न्या. तितं कातळ हाय, तासायला लागंल. झाडं बारा जातील. ती बारा मी दावीन. इचारून न्या, येवढंच."

भाऊसाहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता साहेबांची जीप आली.

साहेब देशावरचे. मान, मानकरी ह्या गोष्टी त्यांच्या डोक्यावरून जायच्या. पत्र वाचलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. सरकारी कागदावर, जावक नंबर घालून, त्यांनी एका राईचा थोरला मानकरी म्हणून सही केली होती. साहेब घाबरलेले मी प्रथमच पाहत होते. साहेबही माझ्यासारखेच घाबरू शकतात म्हटल्यावर धीर यायला हवा होता, पण मला जास्तच भीती वाटली.

"हा कागद मला परत द्या," ते म्हातारीला म्हणाले.

"सही तुमची हाय ना? मंग आमचा मान आमाला लिवून द्या, आनि न्या कागद."

मला टाइप करायला बसवलं. विषय, राईतील थोरला मान आपल्या घराण्याकडेच असल्याबाबत. सात ओळींत मी सहा चुका केल्या. साहेबांनी ह्या वेळी एकूण एक अक्षर वाचलं, सही केली, वर आपल्या हातानं लिहिलं, 'नव्याने पाहणी करावी.' कागदांची अदलाबदल झाली. म्हातारीनं नवा कागद उलटसुलट पाहिला, चोळीत ठेवला आणि तिघं चारच्या गाडीला निघून गेली.

मग साहेबांनी आम्हाला आत बोलावलं, भाऊसाहेबांना, ट्रेसरला आणि मला. माझा कायमचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर कोपऱ्यात होता. त्या फाईलचा रंग मला अजून आठवतो.

"ऑफिसात मराठी टाइप करणारं माणूस एकच आहे," साहेब म्हणाले. "हे पान पत्राला कुणी लावलं?"

मला बोलायला हवं होतं. कागद मी उचलले होते, काटा मी घातला होता, न वाचता मी दिले होते. तीन वाक्यं होती, आणि ती तिन्ही माझ्या तोंडात तयार होती. मी थांबले. आणि ऐकलं.

"साहेब, मजकूर माझा, काटा माझा आणि पान मीच लावलं," भाऊसाहेब म्हणाले. "पोरीनं सांगितलं तेवढं टाइप केलं. तिचा काही संबंध नाय."

ट्रेसरनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला खरं माहीत होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही.

भाऊसाहेबांच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना त्यांची बदली देशावर झाली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी रेकॉर्ड रूममध्ये गेले, तर ते नकाशा गुंडाळून ट्रेसरच्या हातात देत होते.

"आज खेळायचं नाय?" मी विचारलं.

"मी आता राईत कुठं आहे, बाय? थोरला मान गेला, तो रीतसर गेला. पण काल बाजू घेतली. बाजू घेतली की माणूस पंथातून बाहेर. नियम आहे, तूच टाइप केलायस."

"भाऊसाहेब, मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले. खोटं बोलून माझी समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पण धाडस करायला आधी कायम व्हावं लागतं गो. कायम झालीस की कर."

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं. ते आधीच निघून गेले होते. शिपाई म्हणाला, साहेब आज साईटवर जायचे म्हणून आठलाच आले, तेव्हा भाऊसाहेब त्यांच्याकडे एक फाईल घेऊन गेले, सही होईपर्यंत समोर उभे राहिले, आणि मग पिशवी घेऊन सरळ स्टँडवर गेले. त्यांच्या टेबलावर काट्यांची डबी नव्हती. माझ्या टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीचं झाकण मात्र उघडं होतं.

टाइपरायटरवर माझी कायमची ऑर्डर ठेवलेली होती. दोन पानांची. दोन्ही पानांना डाव्या कोपऱ्यात टाचणी लावलेली होती, सरळ, घट्ट, टोक आत वळवून, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. मी आधी ती टाचणी बघत राहिले. मग पान उलटून दुसरं पान त्याच ऑर्डरचं आहे ना, ते पाहिलं. त्याच ऑर्डरचं होतं. तरी मी ते तीनदा वाचलं, आणि मग टाइपरायटरवर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले.